शशिकांत ‘जातो’ म्हणाला

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. अब्बासिया, कुवेत

पोचले एकदाची. विमानात जेवण म्हणून जे दिलं ते आमच्या कराडच्या म्हशीनंही हुंगून सोडलं असतं. शशिकांत घ्यायला आला होता. लेकाचं पोट सुटलंय, म्हणजे सून खायला घालते. सून चारुशीला नर्स आहे, तिच्या रात्रपाळ्या असतात, म्हणून नात सांभाळायला मला बोलावलं. ज्ञानदा सहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. भांडणाला जागाच नाही. खालच्या वाण्याकडे कढीपत्तासुद्धा मिळतो. चौथी शिकलेलीला वही कशाला, म्हणून शशिकांत हसला. म्हटलं, तुला इंजिनियर केला तो चौथीवालीनंच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शशिकांत पंधरा दिवस परमुलखात गेला, विहिरींवर पंप बसवायला. तिथल्या सरहद्दीच्या पट्टीवर म्हणे दोन देश हक्क सांगतात. कंपनीचा ड्रायव्हर हुसेन, हैदराबादचा, शशिकांतला विमानतळावर सोडून घराची किल्ली द्यायला आला. चहा दिला तसा बोलायला लागला. तो तिथं वर्षभर गाडी चालवत होता. म्हणाला, दोन्ही सैन्यांनी तारा ओढल्या आणि गावांच्या विहिरी मधेच अडकल्या. गावची पोरं पाण्याच्या राखणीला बसली. मग एका देशानं त्या पोरांना दुसऱ्यावर सोडायला बंदुका दिल्या, दुसऱ्यानं पहिल्यावर. आता ती दोघांनाही आवरत नाहीत. खंडणी मागत नाहीत. उपयोगाचं माणूस ठेवूनच घेतात आणि त्याच्याच तोंडून पुढचं माणूस बोलावून घेतात.

म्हटलं, मेल्या, हे सांगायला आधी काय दातखीळ बसली होती? मान खाली घालून म्हणाला, अम्मा, बोलणाऱ्याचा व्हिसा जातो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दुपारी पोळ्या लाटताना फोन आला. शशिकांतच. म्हणाला, काम वाढलंय, जरा ताप आहे, चारुशीलाला पाठव, तिकीट कंपनी देईल. आणि शेवटी, आई, आता जातो.

लाटणं हातातच राहिलं. आमच्यात मीठ आणायला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं म्हणून या पोराला मी लहानपणी चिमटे काढलेत. पन्नाशीला आला, पुन्हा कधी चुकला नाही. आजही चुकलेला नाही. शेजारी बसून ऐकणाऱ्याला कळू नये आणि मला कळावं, म्हणून बोललाय. पाठवू नको म्हणतोय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

चारुशीलाला सांगितलं. म्हणाली, आई, तापात माणूस काहीही बोलतो. म्हटलं, अगं, सुई टोचताना दहादा शीर चाचपतेस, इथं एकदा चाचपून बघ की! तिनं कंपनीत विचारलं. साहेब म्हणाले, ते स्वतः बोललेत, मग तक्रार कसली? एका शब्दावर कोण तक्रार घेणार? हुसेनचा फोन बंद.

बुधवार, २६ नोव्हेंबर

तिचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात पुरला. सापडला तिला. भांडली असती तर बरं झालं असतं. पाया पडली आणि गेली.

रविवार, ३० नोव्हेंबर

फोन नाही. दोघांचाही नाही. पोर विचारते. मी ऐकू न आल्याचं सोंग करते.

गुरुवार, ४ डिसेंबर

चारुशीला फोनवर बोलली. आधी मागून कुणीतरी पुटपुटायचं, मग ती तेच बोलायची. ज्ञानदाला तयार ठेवा, उद्या गाडी येईल. म्हटलं, एवढ्याशा पोरीचा काय उपयोग त्यांना? – फोन तुटला.

भांडी घासताना कळलं. पोर हाताशी असली की आईबाप पळत नाहीत.

शुक्रवार, ५ डिसेंबर, सकाळ

पोलिसांना फोन लावला. ते अरबीत, मी मराठीत – ठेवून दिला त्यांनी. शेजारचे सुट्टीचे समुद्रावर. दाराला टेबल लावलंय –

खाली गाडी. पांढरी. दोघं उतरले –

जिन्यात पावलं. घाई नाही कसली –

दाराबाहेर चारुशीलाचा आवाज. दाराच्या भिंगातून पाहिलं, ती नाही, त्यांच्या हातातल्या फोनमधला. बाळा, कडी काढ, म्हणतोय. पुन्हा पुन्हा तेच. पोरीला सांगते ती आई नव्हे, ऐकत नाही. टेबलाखालून शिरली –

एका हातानं फ्रॉक धरलाय. एका हातानं लिहितेय, कुणाला तरी सापडावं म्हणून. गाडीचा नंबर गॅलरीतून पाहिलाय, १४, मग ७, मग –

फ्रॉक फाट