गोटूमामाचा पत्ता

दि. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दात दुखणाऱ्या माणसांना नंबर लावून बसवण्यात तुझा दिवस जातो, हे वाचून माझीच दाढ ठणकायला लागली.

इकडे घर सोडायचं नक्की झालं. गुडघे आता जिन्यांशी बोलत नाहीत, म्हणून पुढच्या महिन्यात तुझ्या मावसभावाकडे जाते आहे. भांडी बांधली, कपडे बांधले, काही वाटलं नाही. पण टेलिफोन बंद करायचा अर्ज अर्धाच भरून ठेवला. गोट्याला माझा हा एकच नंबर पाठ आहे.

तुझा गोटूमामा यंत्रमागांच्या कारखान्यात फिटर झाला, तेव्हा दर रविवारी त्याचा फोन यायचा. पुढे पुढे बोलणं तुटक झालं. मी विचारावं एक, त्याने सांगावं भलतंच. मग फोन थांबला, त्याचा नंबरही बदलला, आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं परत आली. आमचं भांडण झालं नव्हतं गं. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं.

हल्ली म्हणे इंटरनेटवर नाव टाकलं की माणूस सापडतो. शोधशील का? पत्ता मिळाला की मी सरळ जाऊन दार वाजवणार.

जेवणखाण वेळेवर कर.

तुझी मावशी

---

दि. १५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माणसं शोधून देणाऱ्या साइट असतात, त्यांच्यावर मामाचं खरं नाव टाकलं. त्या नावाची ढीगभर माणसं निघाली. एका बेकरीवाल्याला फोन केला, तर तो तुझा भाऊ नसल्याबद्दल बिचारा माझीच माफी मागत होता. गंमत म्हणून माझं नाव टाकून पाहिलं. त्यांच्या मते मी साठीची आहे आणि माझ्या घरमालकाशी माझं लग्न झालंय.

पण एका नोंदीत वय जुळलं, कारखान्याचं गाव जुळलं, आणि खाली नातेवाइकांत आईचं नाव दिसलं. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिथे ती अजून मामाची बहीण म्हणून नांदते आहे.

नोंदीत फोन आहे आणि पत्ताही आहे. फोन खाली लिहिला आहे. पत्ता मात्र तूर्त मी ठेवून घेते, रागावू नकोस. आमच्या दवाखान्याच्या खिडकीशी कुणी ना कुणी दुसऱ्या पेशंटचा फोन नंबर मागायला येतंच. आम्ही देत नाही, आधी त्या पेशंटला विचारतो. मामाने नंबर बदलला तो काहीतरी मनात धरूनच ना? दारात जाऊन उभं राहिलं की समोरच्याला नको म्हणायची सोयच राहत नाही.

सामान उचलू नकोस, माणूस लाव.

तुझी भिंगरी

---

दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

फोन केला. त्यानेच उचलला, आवाज ओळखला मी. म्हटलं, गोट्या, मी ताई बोलतेय. तो परक्याशी बोलावं तसा मोठमोठ्याने हॅलो हॅलो करत राहिला आणि त्याने फोन ठेवून दिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

त्याला माझ्याशी बोलायचं नाही, एवढं मला कळतं. पत्ता तू दिला नाहीस ते बरंच केलंस. आता हा विषय पुरे. टेलिफोनचा अर्जही दिला.

बाकी ठीक.

मावशी

---

दि. २ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू पुरे म्हणालीस, तरी मी एक गोष्ट केली आहे. आधी शेवटपर्यंत वाच, मग ओरड.

ते हॅलो हॅलो माझ्या डोक्यातून जाईना. ज्याला बोलायचं नसतं तो माणूस गप्प राहून फोन ठेवतो, ओरडत नाही. आणि विचारावं एक, सांगावं भलतंच, असे लोक माझ्या खिडकीशी रोज येतात. मी नाव विचारते, ते वय सांगतात.

म्हणून मामाला फोन न करता मेसेज लिहिला. मी कोण, नंबर कुठून मिळाला, आणि त्याची इच्छा नसेल तर नंबर पुसून टाकीन, पुन्हा त्रास देणार नाही. सकाळी उत्तर आलं: “ऐकू येत नाही. लिहिलेलं वाचतो. ताई कशी आहे?”

मागांच्या खडखडाटात त्याचे कान हळूहळू गेले, मावशी. फोन हातात थरथरला की अजूनही उचलतो म्हणे, काही ऐकू येतंय का बघायला. त्या दिवशी फोनवर तू होतीस हे मी सांगितलं. त्याने लगेच लिहिलं, की ताईला जिने उतरायला लावू नकोस, मीच येतो.

पत्ता द्यायला त्याने हो म्हटलंय, या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. त्याच्या सांगण्यावरून त्याची नोंद त्या साइटवरून काढायला लावली, माझीही. आईची राहू दिली.

आता ओरड.

भिंगरी

---

दि. १४ मार्च

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद.

गोट्या येऊन गेला. डोक्यावर केस उरले नाहीत आणि चालणं हुबेहूब आमच्या वडिलांसारखं. बोलतो मात्र असं, की अजून मागांच्या मधोमध उभा आहे. जिन्यावरच “ताई, किती गं वाळलीस” म्हणाला, ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. शेजारीण दार उघडून बघायला आली.

मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते. पहिल्यांदा चिडूनच लिहिलं, की एवढं झालं आणि मला कळवायचं सोडून नंबर कसला बदलतोस? ते त्याने वाचलं. मग, त्याला जमेल तितकं हळू बोलला.

“कळवलं असतं तर तू फोनवर ओरडून ओरडून बोलली असतीस. मला तुझा साधा आवाज आठवतो. तोच ठेवायचा होता.”

मी पाटी बाजूला ठेवली. त्याच्या जवळ सरकून बसले आणि लहानपणी बोलायचे तशीच, हळू आवाजात बोलत राहिले, घरातलं, तुझ्या आईचं, तुझं, काय काय. तो माझ्या ओठांकडे बघत होता. एका जागी तर बरोबर हसलासुद्धा.

आम्हा तिघा भावंडांचा, तुझ्या आईचाही, लोभ आता या एकाच पत्रात समज.

तुझी मावशी