बांधावरचं शिसं

मी, विठू चांगा म्हात्रे, राहणार कासू, तालुका पेण, जिल्हा रायगड, हल्ली शेती करणारा आणि तरुणपणी शिशाच्या खाणीत काम केलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझी बायको मालू हिला याबद्दल शंका आहे, पण ती लग्नापासूनच आहे, म्हणून इथे विचारात घेऊ नये. कोणीही माझ्यावर दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी ऐकलेही नसते.

१. राहते घर मालूच्या हयातीत तिचे, तिच्यामागे मुलगा प्रविण याचे. प्रविण डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. रात्रीची शिफ्ट करून तो दिवसा झोपतो, तेव्हा ओटीवर कोणी मोठ्याने बोलू नये. मला रडायला येणाऱ्यांनीही ते पाळावे.

२. बँकेत जे असेल ते मालूचे. त्यावर भांडण होईल एवढे ते नाही.

३. शेत प्रविणचे. माझा पागही त्याचा. वर्षातून एकदा तरी त्याने तो खाडीत टाकावा. पागाच्या काठाला शिशाचे मणी आहेत, त्यांच्या वजनानेच जाळे तळाला जाते. ते मणी मुठीत घेतले की मला अजून खाणीतला गारवा लागतो.

४. मातीची जाड नळी, जिच्यात मी पेनं ठेवतो, ती मुलगी दिपिका हिला द्यावी. दिपिका रोह्याला दिली आहे. ही नळी म्हणजे मूस आहे. राजस्थानातल्या ज्या डोंगरात मी कामाला होतो तिथे शिशासोबत जस्तही निघते, आणि फार पूर्वीचे लोक अशा मुशींत ते गाळत. वापरून झालेल्या मुशी गावकऱ्यांनी विटांसारख्या रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या. त्या जुन्या माणसांकडे सुरुंग नव्हते. ते कातळाला आग लावून तापवत, वर पाणी ओतत, मग कातळ तडकत असे. आमच्या बोगद्यातून कधी अचानक त्यांचे बीळ लागायचे, काजळीने काळे, जेमतेम माणूस रांगेल एवढे. आत विझलेली पणती असायची. आम्ही हळू बोलायचो, जणू कोणी आत्ताच कामावरून उठून जेवायला गेले आहे.

अलीकडे दुपारी डोळा लागला की मी तिथेच असतो. पण स्वप्नात खाणीत भरती आलेली असते. आपल्या खाडीचे पाणी बोगद्यात भरत येते, निवटीचे मासे चिखलात उड्या मारतात, आणि दोन्ही भिंतींवर शिसे चमकत असते. भेरूलाल गुडघाभर पाण्यात उभा राहून बिडी ओढतो. मला भीती वाटत नाही. उलट उठावेसेच वाटत नाही.

भेरूलाल माझा खाणीतला जोडीदार. आपल्याकडचा दगड काळा, फोडला तरी आत काळाच, क्वचित पांढरे खडे. शिशाचा दगड मात्र फोडला की चौकोनी पायऱ्या पडतात, आणि प्रत्येक पायरी आरशासारखी. मी खाण सोडली त्या दिवशी भेरूलालने मुकादमाची परवानगी काढून असा एक दगड मला दिला. लहान मुलाएवढा होता, पण एकट्याने उचलवेना. म्हणाला, "विठू, इसको देखते रहना." पुढे छातीच्या आजाराने तो गेला. मला ते बऱ्याच दिवसांनी कळले.

५. आता तोच दगड. गावी आणला तेव्हा आई म्हणाली, घरात नको, म्हणून शेताच्या बांधावर उभा केला. आठ दिवसांत आईने त्याला शेंदूर फासला होता. एवढा जड आणि एवढा झळकणारा, म्हणजे परमुलखातला देवच, असे तिचे म्हणणे. आई गेली आणि मालूने दिवा लावायला सुरुवात केली. शेंदराचे थर चढले, आतली चमक दिसेनाशी झाली. मी मालूला समजावले की शेंदूर पूर्वी शिशापासूनच करत, म्हणजे तू शिशाला शिसेच फासते आहेस. ती म्हणाली, "मंग बरंच झालं की. दगूड तुमचा, देव माजा." मी खरवडू का विचारले तेव्हा दारात आडवी उभी राहिली. शेंदूर आहे तोवर त्या बांधावर पाय ठेवणार नाही, असे मी बोलून बसलो. प्रविण तेव्हा शाळेत होता. तेव्हापासून मी शेतात स्टेशनच्या बाजूने फेरा मारून जातो.

सबब, माझ्या मृत्यूनंतर दगडावरचा सर्व शेंदूर खरवडून काढावा. भेरूलालने पाहत राहा सांगितले होते. मला ते जमले नाही, निदान कोणाला तरी जमावे.

इथवर लिहून मी साक्षीदार पोपट आणि निलेश यांना ओटीवर वाचून दाखवले. मालू सुपात वालाच्या शेंगा निवडत होती. पाचवे कलम ऐकले, सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "उठा. चला माज्यासंगं."

पोपटने मला हाताला धरून नेले. मालू बांधावर गेली नाही, खालच्या, दुसऱ्याच्या खाचरात उतरली, दगडाच्या पाठीमागे. तिथे भात कापल्यावर कोणी फिरकत नाही. "मागनं कधी बगितलात काय?" तिने विचारले.

दगडाची पाठ कोरी होती. शेंदराचा एक ठिपका नाही. चौकोनी पायऱ्या तशाच, आणि त्यांत खाडीकडचे आभाळ तुकड्यातुकड्याने दिसत होते.

"दर दिवाळीला काथ्यानं घासते," मालू म्हणाली. "तुमचा त्यो भेरू बोललेला ना, बगत रहा म्हणून. तुमी रुसून बसलात. मंग मी बगत व्हते."

मी एवढेच म्हणालो की हात साबणाने धू, शिसे अंगात जाते. पोपट म्हणाला, "दादा, आदी डोळं पुसा."

६. पाचवे कलम मी रद्द करतो. ते खोडलेले नाही, कारण माझा हट्ट मुलांनी वाचावा. दगड पुढून आणि मागून मालूचा. बांध विकावा लागलाच तर दगड ती सांगेल तिथे हलवावा, पाठ मोकळी ठेवून. तिच्यामागे दिपिका आणि प्रविण यांनी त्याला पुढून नमस्कार करावा आणि मागून पाहावे.

७. मालूला या कागदातून मिळकत मिळते, म्हणून तिला साक्षीदार होता येत नाही, असे निलेशने सांगितले. तिने ते ऐकले नाही. तळाशी शेंदराचा जो अंगठा उमटला आहे तो तिचा. कायद्यात त्याला किंमत नाही. तरी तो कोणी पुसू नये.

वरील सर्व मजकूर माझाच असून, साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

विठू चांगा म्हात्रे
(सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
पोपट हाशा ठाकूर, राहणार कासू (सही)
निलेश जनू घरत, राहणार पेण (सही)

स्थळ: कासू
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५