‘हाक’ या शब्दाची नोंद

माय, सकाळपासून चौथ्यांदा या टेबलाशी येऊन बसते आहे. मध्ये उठून दूध तापवलं, गॅलरीतले वाळलेले कपडे पुन्हा उलटे करून घातले, फोन उचलला आणि ठेवून दिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एक जागे बस ना व, भिंगरी शे का तू?" काम तसं लहान आहे. इथे जळगावात काही मंडळी आपल्या बोलीतले शब्द गोळा करत आहेत. मराठीची निवृत्त बाई म्हणून काही शब्द माझ्याकडे आले. अर्थ लिहायचा, शब्द आला कुठून ते लिहायचं, घरात कसा वापरतात ते लिहायचं. बाकीचे झाले. ‘हाक’ राहिला आहे. काम पाहणारी तरुण मुलगी काल फोनवर हसून म्हणाली, "मॅडम, एवढा सोपा शब्द कसा काय अडला?" मी म्हटलं, "अडला नाही. उद्या देते," आणि तिचं पुरतं ऐकून न घेता फोन ठेवला.

शब्द कुठून आला ते लिहायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. प्राकृतात ‘हक्क’ असा धातू आहे. ओरडणं, ओरडून हुसकावणं, बोलावणं, हे सगळे त्याचे अर्थ. कोर्टकचेरीतला हक्क निराळा, तो अरबीतून आलेला. लोक दोन्हींची गल्लत करतात. या जुन्या धातूचं घराणं मोठं आहे. गाडी हाकणं त्यातलंच, दारातून हाकलणंही त्यातलंच, रानातला हाकाराही. म्हणजे माणसाला प्रेमाने जवळ बोलावण्याचा आणि बैलाला पुढे दामटण्याचा शब्द मुळात एकच. हे मी कागदावर नीट लिहिलं. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘हाक ना बोंब’, ‘हाकेला ओ देणे’ हे वाक्प्रचारही लिहिले. मग घरातला वापर लिहायला घेतला आणि पेन थांबलं. आपल्या घरातला वापर लिहायचा तर ती सकाळ लिहावी लागते, आणि त्या सकाळीबद्दल मी सगळ्यांना खोटं सांगितलेलं आहे. तू सोडून सगळ्यांना.

तू आबांचं नाव कधी घेतलं नाहीस. तुझ्या पिढीत कोणीच घेत नव्हतं. आबांना बोलवायचं असलं की तू माझं नाव घेऊन हाक मारायचीस, कारण थोरली मी. बाहेरच्याला वाटायचं, ही पोरीला बोलावते आहे. घरातल्या आम्हाला मात्र चुकत नसे. माझ्यासाठीची हाक आखूड, वरून खाली आपटलेली, आणि तिच्या मागोमाग "आठे ये व", इकडे ये, हे ठरलेलं. आबांसाठीच्या हाकेत तेच नाव, पण शेवटचं अक्षर तू लांबवायचीस, आवाज खाली आणायचीस आणि पुढे काही बोलायची नाहीस. थांबायचीस. मग गोठ्यातून आबा म्हणायचे, "काय शे?" एवढ्या वर्षांत मी एकदाही त्यांच्या हाकेला उठले नाही, आणि ते माझ्या हाकेला उठले नाहीत. धाकटी तेव्हा फार लहान, पण तिलाही कळत असावं.

ती सकाळ उन्हाळ्यातली आहे. तू पहाटेपासून परसात चुलीपाशी आहेस. बिबड्यांचा, वर्षभराचे ज्वारीचे पापड घालायचा दिवस. भिजवून दळलेली ज्वारी मोठ्या भगोन्यात शिजते आहे, लसूण-मिरचीचा वास पार पुढच्या दारापर्यंत आला आहे. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसले आहे. बी.ए.चं शेवटचं वर्ष, अमळनेरला परीक्षा, रोजची एस.टी. आदल्या दिवशी आपलं भांडण झालेलं. मी पुढे एम.ए.चं बोलले आणि तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "शिकीसन काय करशी? चूल त तुन्हीबी वाट देखी ऱ्हायनी." मी त्यावर एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही बोलायचं नाही, असं ठरवूनच पुस्तक घेऊन बसले होते.

त्या शिजलेल्या घाट्याचं भगोनं चुलीवरून उतरवायला दोन माणसं लागतात. दरवर्षी एका बाजूला तू आणि एका बाजूला मी. तू मला हाक मारलीस. आखूड, आपटलेली. "आठे ये व!" मी वाचत राहिले. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. आता रागाची होती. माझ्या मनात आलं, मारू दे. चुलीला माझी वाट बघू दे. मग तिसरी आली. त्या हाकेत राग नव्हता, माय. ती कापत होती. तू एकटीने उचललं होतंस आणि ते तुला पेलत नव्हतं, हे त्या आवाजातच होतं. मी पान उलटलं. आणि मग भगोनं पडल्याचा आवाज आला.

पारोळ्याच्या दवाखान्यात नर्सने विचारलं, "एवढं जड एकटीनं उचललं? घरात कोणी नव्हतं का?" आबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. मी म्हटलं, "हाक मारली होती हिनं. मला वाटलं, आबांना मारली. आमच्याकडे तशीच मारतात." नर्सने तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. तू म्हणालीस, "हाव बाई."

एवढंच. त्या दोन शब्दांनी दोष आबांचा ठरून गेला. ते त्या वेळी गोठ्यामागे कडबा कापत होते. त्या यंत्राच्या खडखडाटात त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे हाक कोणासाठी होती हे त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. तुझी दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. तू तळहाताच्या कडेने भाकरी थापायला शिकलीस, आणि आबा ते बघायला लागू नये म्हणून जेवायला बाहेर ओट्यावर बसायला लागले. आजी उठता-बसता त्यांना बोलायची, "बाईलनी हाक कान वर लेतस नही, कसा माणूस!" धाकटी तेच ऐकत मोठी झाली. आज धुळ्याला तिची नातवंडं आहेत, तरी ती आबांचा विषय निघाला की म्हणते, "त्यांच्या कानात बोळेच होते गं."

तुझी हाकसुद्धा त्या दिवसापासून थांबली. आबांसाठी तू कडी वाजवायचीस. माझ्यासाठी स्वतः चालत यायचीस आणि दाराच्या चौकटीत उभी राहायचीस, मी मान वर करेपर्यंत. मी विचारायची, "काय?" तू म्हणायचीस, "काही नही. जेवाले चाल." मी एम.ए. केलं. तू आबांना सांगून करवलंस. का करवलंस, हे मी कधी विचारलं नाही. एकदा दुपारी भांडी घासताना तू नुसतंच म्हणालीस, "हाक मारी ते ओ देवाले जोयजे व." मी बादली उचलून आत गेले.

तू गेल्यावर आबा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होते. एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "तुन्ही मायनी हाका माऱ्यात व. माले ऐकूच उन्यात नहीत." मी समोर बसले होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "आबा, चहा निवतोय."

शाळेत मी पहिल्या हाकेला ओ न देणाऱ्या मुलींना तासभर उभं करायची. कडक बाई म्हणून नाव होतं माझं. माझी लाज मी त्या मुलींवर काढली, असं आता वाटतं. तेव्हा त्याला शिस्त म्हणत होते.

हे लिहिता लिहिता मघाशी उठले आणि धाकटीला फोन लावला. या खेपेला ठेवून दिला नाही. म्हटलं, "ती हाक आबांना नव्हती. मला होती, आणि मला कळलं होतं." मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "अक्का, आबा होते तेव्हा का नाही सांगितलंस? मी त्यांच्याशी शेवटी शेवटी धड बोललेसुद्धा नाही." मी पेनाला टोपण लावलं. तिने विचारलं, "किती वेळा हाक मारली होती तिने?"

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच आहे, म्हणून तुला सांगते. मी म्हटलं, "दोनदा."