मामाच्या कॅफेतला प्रोसेसर

१२ एप्रिल, रविवार
मामा बडनेरा रोडवर गेमिंग कॅफे काढून राहिला. मशिनी कोण देणार हे इचाराचीबी गरज नाही, वाटलं मले. अमरावतीत कॉम्प्युटर जोडाचं दुकान माह्यं. तं मामा म्हणे, "निल्यालेबी इचारू." निल्या म्हणजे अकोल्याच्या मावशीचा निलेश. काल-परवा दुकान टाकलं त्यानं! जळलो मी. इथं लिहाले कोणाची लाज?

१५ एप्रिल
माह्यं कोटेशन: प्रोसेसर सगळ्यात तगडा, ग्राफिक्स कार्ड मध्यम. निल्याचं उलटं. म्हणे, "मामा, नव्या गेमा वल्कन नावाच्या नव्या मोडवर चालतात. पयले सारा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडे, कार्ड वाट पाहत बसे. आता काम साऱ्या कोअरमंधी वाटून जाते, मधातली कटकटबी कमी. मंग महागडा प्रोसेसर कायले?" मामाले कळेना. तं निल्या म्हणे, "मंडीच्या गेटावर पावती फाडाले एकच माणूस असला का गाड्या तुंबतात ना? चार बसवले का मोकळं."
मामाचा संत्र्याचा धंदा. लगेच मान डोलली. हे मले काहून नाही सुचलं?

१६ एप्रिल
आई फोनवर मावशीले, माह्यासमोर: "निलेश लय हुशार निघाला वं." जेवण गेलं नाही. दुकानात साध्या प्रोसेसरवर वल्कन लावून पाह्यलं. मायला, चाललं! तगड्याच्या बरोबरीनं. मशीन बंद करून टाकली.

१९ एप्रिल, रविवार
मामाच्या घरी दोघाच्या मशिनी, गेम एकच. निल्याची मस्त चालून राहिली होती. मामा खूश. अन् लाइट गेली. मामीनं निल्याले पन्ह्यासाठी बर्फ आणाले धाडलं. लाइट आली तं मामा म्हणे, "चालू कर गा, मी खेळतो."
गेम अशी धडकन बंद पडली का पुढच्या टाइमाले इचारते, वल्कन सोडून जुन्या मोडवर उघडू का? मामानं न वाचताच ओके दाबलं, दोन्हीवर. मी वाचलं. बोललो नाही.
गर्दीचा सीन आला अन् निल्याची अडकाले लागली. माह्यीबी जुन्याच मोडवर, पण तगडा प्रोसेसर रेटून नेते. निल्या बर्फ घेऊन आला तवा मामाचं तोंड उतरलेलं. निल्या म्हणे, "मघाशी तं बरी होती!" लाइट पुन्हा गेली. निल्याले मशीन पाहताच नाही आली.

२० एप्रिल
ऑर्डर मले. आईनं पेढे आणले. एक खाल्ला. गोड होता, का नव्हता...

२१ एप्रिल
निल्याचा फोन. वाटलं भांडते आता. तं म्हणे, "दादा, अकोल्याले आणून गेम नव्यानं टाकून पाह्यली, झकास चालते. तिथंच काय झालं? मी बर्फाले गेल्तो तवा तू होता ना जवळ. माह्यं काय चुकलं, सांग ना."
म्हटलं, गिऱ्हाईक आलं, करतो फोन. दुकानात चिटपाखरू नव्हतं.
भांडला असता तं बरं झालं असतं.

२२ एप्रिल
मामा इचारून राहिला, प्रोसेसर कवा मागवतो? उद्या सांगतो म्हटलं.
निल्याचा मेसेज: "दादा, वेळ भेटला का?"
"मशीनच तशी असंन" लिहिलं. पुसलं. "लाइट गेल्यावर" लिहिलं. तेबी पुसलं. त्याले तिकडे दिसत असंन, दादा टाइप करून राहिला.