खडूच्या खोक्यांची राखण

९ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंस आजीचे भरघोस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईनं दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून अडखळत, दुसऱ्यांदा चष्मा असूनही अडखळत. हेही तीच लिहिते आहे, आणि तोंड पाहण्यासारखं झालं आहे. पण मी सांगेन तो शब्द न शब्द उतरवायचा असं आमचं ठरलंय, आणि बाई शब्दाची पक्की. मला अक्षर येत नाही म्हणून ती काय गाळते ते कळणार नाही, असं तिला वाटतं. हात थांबला की मला ऐकू येतो.

पाच वर्षांच्या पोरांना लहानमोठी बटणं वेगळी करायला शिकवायचं, आणि त्यासाठी आधी तू चार पानं लिहून द्यायचीस, हे ऐकून मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. उद्दिष्ट काय, साहित्य काय, पोरं काय करणार, आणि त्यांना आलं की नाही हे तू कशावरून ओळखणार! मी सहा पोरं वाढवली ती कसल्याही पानांशिवाय. त्यातली दोन बिघडली, हे खरं. तुझा बाप कशात मोडतो ते तुझ्या आईला विचार.

तर एप्रिलात तपासनीस बाई येणार. पाठ आवडला तर त्याच शाळेत कायमची नोकरी, नाहीतर घरी येऊन माझे पाय चेपणार. दोन्हींत माझा तोटा नाही. पण ज्या पोरीचं नाव तू मुंगी ठेवलंस, तिच्यापायी तुझी झोप का उडाली ते नीट लिहिलं नाहीस. लिही. आमचा लोभ आहे तिथंच आहे, तू येऊन बघावास.

तुझी आजी


२० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

मुंगीची गोष्ट अशी. सगळ्या मुलांनी बटणांचे दोन ढीग केले, मोठी आणि लहान. हिनं तीन केले, त्यात लहानमोठी सगळी एकत्र. मी नोंदवहीत लिहिलं, जमलं नाही. मग शेजारी बसून विचारलं, तेव्हा बऱ्याच वेळानं म्हणाली की ही बाबांच्या कोटाची, ही बाळाची, आणि ही हरवलेली, यांना कुणीतरी शोधत असेल.

मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की छान आहे, पण तुमचं उद्दिष्ट आकाराचं होतं ना? मग जमलं नाही हेच बरोबर. शिवाय ती भयंकर सावकाश आहे. बाकीची मुलं बटणं डब्यात भरून हात धुऊन येतात, तेव्हा ही तिसरं बटण उजेडात धरून बघत असते. सगळी मुलं आपापली बसायची उशी कपाटाशी रचतात, तिची उशी तिच्याखालीच. तपासनीस बाई नेमक्या तिच्यापाशी थांबल्या तर माझा पाठ तिथंच बसेल. आजी, चार महिने घासते आहे मी. काय करू?

तुझी नात


२ मार्च

चि. मास्तरणीस आशीर्वाद.

यात विचारायचं काय? मी बाजारात फळं मांडायचे तेव्हा डागी फळ टाकून नाही द्यायचे. खाली ठेवायचे. डागी असतं म्हणजे गोड नसतं असं नव्हे, पण गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं.

नाहीतर तुझ्या आईकडून शिक. पाहुणे यायचे असले की ती मला म्हणते, आई, तुम्ही दमलात, मागच्या खोलीत पडा जरा. मी न दमता पडते. त्या खोलीत शिलाईचं मशीन आहे, जुन्या गाद्या आहेत आणि मी आहे. माझ्या तोंडाला झाकण नाही, एकदा कुणाच्या तरी व्याह्यांना मी टकल्या म्हटलं होतं. तेव्हापासून घर कसं छान दिसतं. (हात थांबला. लिही गं, लिही.)

फक्त पोरीला नुसतं आत बस म्हणू नकोस, रडेल. काम दे. राखण कर म्हण. बसवलेलं माणूस उठून येतं, राखणीला ठेवलेलं येत नाही.

पास होऊन ये. लोभ पातळ झाला असेल तर आटवून पाठवणे.

आजी


१८ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

पास झाले. तू सांगितलंस तसं केलं. मुंगीला सामानाच्या खोलीत नेलं आणि म्हटलं की या खडूच्या खोक्यांवर लक्ष ठेव, फार महत्त्वाचं काम आहे, फक्त तुलाच देते आहे. तिचा चेहरा असा फुलला, आजी, की मला दार लावताना तिच्याकडे बघवेना. ती स्वतःची उशी घेऊन आली आणि खोक्यांसमोर ताठ बसली.

पाठ घड्याळासारखा झाला. तपासनीस बाई म्हणाल्या की या वर्गात एकही मूल मागे पडलेलं दिसत नाही. मग चहा झाला, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि मी तिला विसरले. शाळा बंद करताना शिपाईबाईंना ती सापडली. तिथंच बसलेली. फ्रॉक ओला, उशी ओली. का आली नाहीस विचारलं तर म्हणाली की मी गेले असते आणि खोकी कुणी नेली असती तर? मी तिला शाबास म्हटलं.

पुढचं याहून वाईट. नोंदींत प्रत्येक मुलाला त्या दिवशी किती आलं ते लिहायचं होतं. तिच्यापुढं काहीच नव्हतं. मोठ्या बाईंनी मला विचारलं. माझ्या नेमणुकीवर त्यांची सही व्हायची होती. तिला मीच आत बसवलं होतं, हे मी सांगितलं नाही. त्यांनी लिहिलं, पुढच्या वर्गासाठी तयार नाही.

ती आता वर्षभर त्याच वर्गात राहणार. काहीतरी लिही, आजी. रागाव तरी.

तुझी नात


२९ एप्रिल

चि. नातीस आशीर्वाद.

रागावू कशाला? विचारलंस ते सांगितलं, सांगितलं ते केलंस. तुला आता कुणीतरी कानफटात मारावी असं वाटतंय, म्हणजे हलकं होईल. मी बरी मारीन! हात दुखतो माझा.

विसरलीस, हे मात्र मी सांगितलं नव्हतं. खाली ठेवलेलं फळ मी संध्याकाळी आठवणीनं वर काढायचे. तेवढं तुझं स्वतःचं.

आता रडायचं ते नोकरीवर रुजू होऊन रड.

आजी


१५ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

मुंगी माझ्याच वर्गात आहे. सगळ्यांत उंच. तिच्याबरोबरची मुलं पलीकडच्या खोलीत मोठ्यानं वाचतात, ते भिंतीतून ऐकू येतं. तेव्हा ती बटण हातात धरून थांबते.

मी पाठ नव्यानं लिहिले, तिच्या चालीनं. तीन ढीग केले तरी चालतील असे. ती थोडी बोलायलाही लागली होती. मग परवा काही पालक वर्ग बघायला आले. दारावर टकटक झाली. मी वळेपर्यंत मुंगी उठली, उशी काखेत घेतली, सामानाच्या खोलीत गेली आणि आतून दार ओढून घेतलं. रडली नाही, विचारलं नाही. मी कितीदा सांगितलं की आता जायचं नाही. ती माझ्याकडे असं बघते जसं मीच काही विसरले आहे. काल नुसता टपालवाला आला, तरी गेली.

शिकवलेलं सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. हे मी एकदाच शिकवलं होतं. ही सवय कशी मोडायची, आजी?

तुझी नात


२६ जुलै

चि. मास्तरीणबाईंस आशीर्वाद.

म्हणजे शिकवता येतं तुला. मी उगीच शंका घेत होते. नोंदीत लिही, पूर्ण आलं.

सवय मोडायचं मला विचारतेस? काल तुझ्या बापाचे साहेब आले होते. बेल वाजली. तुझी आई आत काहीतरी तळत होती, कुणी मला एक अक्षर बोललं नव्हतं. मी आपली उठले, उशी उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. मशीनवर एक बटण पडलं होतं. कोणाच्या सदऱ्याचं असेल म्हणून ते उजेडात धरून बघत बसले. साहेब कधी गेले कळलं नाही. मला बोलवायचं राहून गेलं वाटतं.

तेव्हा दुसऱ्या कुणाला विचार. लोभ मागत नाही, तो तुला नीट करता येत नाही अजून.

तुझी आजी

ता. क. बाळा, आईंनी सांगितलं ते सगळं लिहिलं आहे, एक शब्द गाळला नाही. तुझ्याशी मलाही थोडं बोलायचं होतं. पण फाटक वाजलं, तुझ्या मावशीकडची मंडळी आलेली दिसतात, म्हणून इथंच आवरते. आई केव्हाच मागे गेल्या.