सशांपुढे भाषणबंदी

लातूर (आता जिल्हा)

आदरणीय व्यंकटरावमामा, सप्रेम जय भीम.

भोकर-लातूरच्या तमाम तहानलेल्या बंधुभगिनींनो (म्हणजे तुम्ही, मामी आणि मी)! तुमच्याकडे टँकर येत नाही. आमच्याकडे नवा जिल्हा आला, कलेक्टर आले, पाट्या आल्या, पण टँकर येत नाही! मामींची कंबर कशी आहे? मी खुशाल आहे, आवाज तेवढा बंद आहे.

त्याचं असं झालं. डबक्यातलं पाणी पिऊन गावोगाव हगवण लागली आहे आणि सलाईनची वाट बघत माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात पडली आहेत. आमच्या कारखान्याचं सलाईन आधी सशांच्या कानाच्या शिरेत टोचून बघावं लागतं. त्यांना ताप आला की माल बाद, नाही आला तर पासची सही मी करायची. (उकळून जंतू मेले तरी त्यांची घाण ताप आणते. निजामी गेली, कचेरीतला रुबाब राहिला, तसंच हे.) पारा बघत तासन्‌तास बसायचं, समोर तीन ससे, मान खोक्यात अडकवलेली, मागे थर्मामीटर. उठून जाऊ न शकणारे श्रोते मला जन्मात पहिल्यांदा लाभले, मामा! मी पाणीप्रश्नावर बोलू लागलो आणि ससे तापू लागले. माल बाद, पुन्हा बाद. मालक सिद्रामप्पा (पूर्वीचे डाळमिलवाले, डाळीसारखी सलाईनचीही चव घेऊन "माल झकास हाय" म्हणतात) विनवू लागले, "सही करून टाका की वो, माणसं मरायलीत." मी म्हणालो, म्हणूनच करणार नाही!

शेवटी आधी पास झालेली जुनी बाटली टोचून पाहिली. तरी ताप! म्हणजे दोष बाटलीत नव्हता, खोलीत होता. आणि खोलीत मी होतो. सिद्रामप्पा म्हणाले, "तुमच्या भाषणानं मला घाम फुटतो, हे तर ससे हायेत!" मग दुसरे ससे घेतले, तोच बाद केलेला माल टोचला आणि तोंड मिटून बसलो. पारा जागचा हलला नाही. सही ठोकली. आज व्हरांड्यात आमच्या बाटल्या टांगलेल्या पाहिल्या, एक म्हातारी उठून बसून भांडत होती. जीव निवला.

तुमचा भाचा,
भीमा

ता. क. खरं काम असं : येत्या रविवारी समाजमंदिरात माझी सभा लावा. पाणी उकळून प्या, एवढंच सांगायचं आहे. दोन तासांत आटपतो.

आणखी एक. मामी विचारतील, पाणीच नाही तर उकळायचं काय? पहिला तास त्याच्यावरच आहे. दवंडी आजच द्या.