चष्म्याचा प्रवेश

नाशिक, १२ जानेवारी २०२५

ती. आक्का,

पाया पडतो. तू, दाजी, नातवंडं मजेत असाल. इकडे माझ्या बायकोचे, छायाचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. थंडी मात्र मरणाची आहे. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू "बरंय सगळं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र तसं मध्येच तोडता येत नाही. फाडलंस तर गोष्ट वेगळी.

बातमी अशी, की माझं 'पाहुणे, पोहे घ्या' नाटक पुन्हा उभं राहतंय! हो, तेच. बत्तीस वर्षांपूर्वी अंबडच्या कारखान्यातल्या आम्हा कामगारांनी केलेलं, स्पर्धेत ढाल मिळवलेलं. तेजस्विनी नावाची मुलगी बसवतेय. वय सव्वीस, चष्मा चहाच्या बशीएवढा. तिला कुणाच्या तरी कपाटात माझी वही सापडली. मी काय फुशारलो म्हणून सांगू! रिटायर झाल्यापासून "काका, जरा सरका" याखेरीज कुणी मला काही म्हणालं नव्हतं.

परवा पहिलं वाचन झालं. पहिल्या प्रवेशाला पोरं पोट धरून हसली. मग तो प्रवेश आला. कोणता ते तुला ठाऊक आहे. मुलगी बघायला पाहुणे येतात, चांगली दिसावी म्हणून मुलगी स्वतःचा चष्मा लपवते आणि सासरा समजून जीपच्या ड्रायव्हरच्या पाया पडते. तेव्हा इथे दोन मिनिटं हशा थांबायचा नाही. परवा एकदम चिडीचूप. मी मनात म्हटलं, यांना विनोद कळत नाही, सगळी त्या मोबाइलात बुडालीत.

तेवढ्यात तेजस्विनी म्हणाली, "काका, मुलगी स्वतः कशाला चष्मा लपवेल? तिला मुलगा बघायचा नसतो का?"

आक्का, साठ वर्षांचा घोडा मी, पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि जिन्यात बसून रडलो.

आता लिहूनच टाकतो. तू चष्मा लपवला नव्हतास. आई म्हणाली, "चष्मेवाली म्हणून नाकारतील," आणि मी तो तांदळाच्या डब्यात खुपसला. चौदा वर्षांचा होतो, पण न कळण्याइतका लहान नव्हतो. तू भिंत चाचपत माझ्याकडे आलीस. "खंडू, माझा चष्मा पाहिलास का रे?" मी म्हटलं, "नाही बुवा." मग तू ड्रायव्हरच्या पाया पडलीस, ते सगळे तुला हसले आणि नकार देऊन गेले. आणि हा दीडशहाणा मोठा होऊन त्याचंच नाटक लिहितो, वर दोषही तुझ्याच माथी मारतो! तुला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तू मध्यंतराआधी उठून गेलीस, ती पुन्हा कधी माझ्या घरी राहायला आली नाहीस. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिलो, आक्काला कांद्याच्या कामातून सवड नाही.

तेजस्विनी म्हणते, प्रवेश काढून टाकू. मी म्हटलं, थांब, नव्याने लिहितो. या वेळी चष्मा भाऊ लपवतो आणि सगळ्यांसमोर पकडला जातो. लोक त्याला हसतील. मग मुलगी चष्मा घालते... आणि इथे माझं पेन अडलंय. ती काय म्हणते? आठ वेळा लिहिलं, आठ वेळा खोडलं. मला कुठून कळणार ते? तू सांगशील?

तुझी ना असेल तर वही परत आणतो, नाटक बंद. हो असेल तर दोन मार्चला प्रयोग आहे, शालिमारच्या नाट्यगृहात. पहिल्या रांगेतली खुर्ची अडवून ठेवलीय.

तुझ्यापुढे कान धरून उभा,
खंडू

*

नामपूर, २० जानेवारी

खंडू,

आशीर्वाद. पत्र फाडलं नाही. तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. म्हणे, "बरं झालं लपवला, नाहीतर मला कोण मिळालं असतं!" मी म्हटलं, तुम्ही गप बसा.

मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. भाताला तांदूळ काढायला गेले तर हातात चष्मा आला. डबा वरच्या फळीवर होता. आईचा हात तिथे पुरत नव्हता, तूच माकडासारखा चढायचास. तू कधी स्वतःच्या तोंडाने सांगशील याची वाट बघत बसले. लय उशीर केलास रे. नाटकात लोक हसले त्याचं वाईट नाय वाटलं, तू पडद्यामागून हसत होतास त्याचं वाटलं.

पाहुणे तर केव्हाच गेले होते. तो मुलगा काळा की गोरा, मला अजून माहीत नाय. मला मात्र त्यांनी तीनदा सांगितलं होतं, उजेडात बस, रंग कळू दे.

तर लिहून घे. मुलगी चष्मा घेते, पदराने काचा पुसते. घाई करू नका, नीट पुसू द्या तिला. मग चष्मा घालून त्या मुलाकडे बघते आणि म्हणते, "पाहुणे, तुम्ही जरा उजेडात या."

खुर्च्या दोन ठेव, दाजीही येताहेत. चार दिवस राहीन. छायाला सांग, तांदूळ मीच निवडीन.

चष्मा घालून येणारी,
तुझी आक्का